डीलरच्या पार्ट्स काउंटरवरचा डेल्को: नुसता डबा घेऊ नका, किट घ्या

बॉनेटखाली:

जुन्या शेव्हर्लेला 'कंपनीचाच' रेडिओ बसवायचा म्हणून लोक ऑनलाइन डबा मागवतात, डॅशमध्ये सरकवतात, आणि मग इंजिन चालू केलं की नुसती खरखर. रेडिओला शिव्या पडतात. बहुतेक वेळा दोष रेडिओचा नसतो. रेडिओ हा किटचा एक तुकडा होता आणि बाकीचं किट आलेलंच नसतं.

अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकात रेडिओ ही वर पैसे देऊन घ्यायची चीज होती. गाडी ऑर्डर करतानाच मागितला तर कारखान्यात बसवून यायचा. नाहीतर डीलरच्या पार्ट्स खात्यात तोच रेडिओ खोक्यात मिळायचा आणि डीलरचा मेकॅनिक बसवून द्यायचा. रेडिओ बनवायची जनरल मोटर्सचीच डेल्को रेडिओ ही शाखा, इंडियानातल्या कोकोमो गावची. खोक्यात डब्याशिवाय काय काय असायचं ते बघा: मागचा आधाराचा ब्रॅकेट, फ्यूजसकट वायर, नॉब आणि त्यांच्यामागच्या चकत्या, खरखर दाबणारे कपॅसिटर, सूचनांचा कागद. स्पीकर आणि अँटेना काही किटमध्ये सोबत, काही वेळा वेगळ्या पार्ट नंबरने. अँटेनाच्या कागदावर मडगार्डवर चिकटवून भोक पाडायचा साचाच छापलेला असे.

यातलं आज सगळ्यात आधी गायब झालेलं असतं ते ब्रॅकेट आणि कपॅसिटर. ब्रॅकेट नसला की सगळा डबा पुढच्या दोन नटांवर लोंबकळतो. त्या नटांच्या मागे जस्ताच्या ओतकामाची पट्टी असते आणि ती हादऱ्यांनी तडकते. तडकलेलं ओतकाम नीट जोडलं जात नाही. दोन मिलिमीटर जाडीची पत्र्याची पट्टी वाकवून मागचा स्टड फायरवॉलच्या किंवा डॅशच्या कण्याला बांधा. दिसायला नको, पण हवीच. डब्याचं अर्थिंगही तिथूनच चांगलं होतं.

आपल्याकडच्या गाड्यांबद्दल एक. जनरल मोटर्स शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत गाड्या जोडत होती, त्यामुळे इथे टिकलेल्या बऱ्याच शेव्हर्ले ६ व्होल्टच्या आहेत. शेव्हर्लेला १२ व्होल्ट आले १९५५ च्या मॉडेलपासून. रेडिओ घ्यायच्या आधी बॅटरी बघा, वर्ष मागून. आणि उजव्या स्टिअरिंगच्या डॅशला अमेरिकन ब्रॅकेट बसेलच असं नाही, मोजून घ्या.

कटआउट:

५३ ची गाडी, पण आधीच्या मालकाने १२ व्होल्ट करून घेतली आहे. रेडिओ ६ व्होल्टचा, व्हॉल्व्हवाला (काचेच्या नळ्यांचा). मेकॅनिक म्हणतो मोठा रेझिस्टर टाकून देतो. चालेल का?

टाकाउस्ताद:

कटआउट, नका. गणित साधं आहे. असा सेट ६ व्होल्टवर साधारण ७ अँपिअर ओढतो. उरलेले ६ व्होल्ट गुणिले ७, म्हणजे ४२ वॅटची उष्णता त्या रेझिस्टरवर. सोल्डरिंग आयर्न डॅशखाली बांधून फिरल्यासारखं. शिवाय सेट नुकताच चालू केला की करंट वेगळा, व्हॉल्व्ह तापल्यावर वेगळा, त्यामुळे रेडिओला ६ व्होल्ट कधीच स्थिर मिळत नाहीत.

आजकालचे स्वस्त स्विचिंग कन्व्हर्टर थंड राहतात, पण मिडियम वेव्हवर इतकी कचकच ओततात की स्टेशन ऐकू येत नाही. घ्यायचाच तर पत्र्याच्या डब्यात बंद, इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे फिल्टर असलेला घ्या आणि रेडिओपासून लांब, शक्यतो फायरवॉलच्या पलीकडे लावा. त्याचा दर्जा १० अँपिअरच्या वर हवा. दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडून मधूनच तार काढायची युक्ती कोणी सांगेल. त्यात एक बॅटरी जास्त रिकामी होते आणि दुसरी जास्त भरते. दोन्ही लवकर मरतात. सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मर आणि व्हायब्रेटर १२ व्होल्टचे घालून व्हॉल्व्हच्या फिलॅमेंटची जोडणी बदलणं. ते जाणकाराचं काम आहे.

आता मूळ सेटबद्दल. यात व्हायब्रेटर नावाचा ॲल्युमिनियमचा दंडगोल असतो. आत एक पत्ती सेकंदाला शंभरावर वेळा थरथरते, बॅटरीच्या डीसीचे तुकडे पाडते, मग ट्रान्सफॉर्मर ते दोनशे-अडीचशे व्होल्टपर्यंत चढवतो. चालू केल्यावर भुंग्यासारखा गुंजारव येतो तो याचाच, तो दोष नव्हे. डायलचा दिवा लागतो पण गुंजारव नाही, म्हणजे पॉइंटवर (पत्ती जिथे टेकते त्या टोकांवर) गंज. फ्यूज लगेच उडतो, म्हणजे पॉइंट चिकटले.

आणि इथेच सगळे चुकतात: नवा व्हायब्रेटर घालून बटण दाबतात. आधी बफर कपॅसिटर बदला. ट्रान्सफॉर्मरच्या उच्च दाबाच्या बाजूला तो असतो, साधारण ०.००५ ते ०.०१ मायक्रोफॅरड, १६०० व्होल्टचा. जुना कागदी असतो आणि साठ-सत्तर वर्षांनी गळका झालेला असतो. तो शॉर्ट झाला की नवा व्हायब्रेटरही चिकटतो आणि मागोमाग ट्रान्सफॉर्मर. किंमत छापली असेल तीच घाला. 'जवळपासची' चालत नाही, कारण ती ट्रान्सफॉर्मरशी जुळवलेली असते. मग मेण लावलेले बाकी कागदी कपॅसिटर ६३० व्होल्टच्या फिल्म कपॅसिटरने बदला आणि फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही. सगळं सामान लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळतं, फक्त १६०० व्होल्टचा दर्जा मागून घ्या. दुकानदार ६३० चा पुढे करतो.

कटआउट:

आणि व्हायब्रेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मिळतो तो?

टाकाउस्ताद:

चांगला असतो, पण पोलॅरिटी बघून. शेव्हर्लेला निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला. त्या काळच्या ६ व्होल्टच्या फोर्डला पॉझिटिव्ह अर्थ. उलटा लावलात तर एका सेकंदात जातो. मूळ यांत्रिक व्हायब्रेटरला मात्र साध्या सेटमध्ये दोन्ही चालायचं, म्हणून लोकांना ही सवय नसते. आणि बफर कपॅसिटर इलेक्ट्रॉनिकलाही तितकाच लागतो.

आणखी एक: हळूहळू व्होल्टेज चढवून जुना सेट उठवायची पद्धत व्हायब्रेटरवाल्यांना लावू नका. कमी दाबावर पत्ती हलत नाही आणि पॉइंट जळतात. योग्य फ्यूज घालून पूर्ण ६ व्होल्ट द्यायचे. ट्रान्झिस्टरवाल्या सेटला उलट हळूच उठवणं बरं: १२ व्होल्टच्या पुरवठ्यात इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब मंद पेटला तर ठीक. लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, पण निदान धूर निघत नाही.

इम्पाला६४:

बॉनेटखाली, स्पीकरवर वेगळं लिहा ना. सगळीकडे वाचतो की १० ओहमचाच हवा नाहीतर रेडिओ जळतो. बाजारात तर ४ चेच मिळतात.

बॉनेटखाली:

अर्धं खरं आहे. त्या काळचे डेल्को १० ओहमच्या स्पीकरसाठी बनले होते हे खरं. तुमच्या ६४ च्या सेटमध्ये शेवटी एकच मोठा जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतो, क्लास ए मध्ये चालणारा. तो आवाज असो नसो, सतत एखादा अँपिअर ओढतच असतो. हीटसिंकवर बोट टेकवत नाही इतका गरम होतो, ते नॉर्मल आहे. अशा सेटला ४ ओहम लावला तर लगेच जळत नाही. आवाज कमी निघतो आणि लवकर फाटतो. जळतो तो स्पीकर न लावता चालू केला तर. चोकमध्ये (आउटपुटच्या कॉइलमध्ये) साठलेली ऊर्जा जायला वाट राहत नाही, व्होल्टेजचा झटका बसतो आणि ट्रान्झिस्टर फुटतो. टेबलावर तपासताना लोक हेच करतात, रेडिओ 'लागतोय का' बघायला.

सत्तरच्या दशकातल्या स्टिरिओ सेटमध्ये पुश-पुल, म्हणजे दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालणारं, आउटपुट आलं. तिथे मात्र ४ ओहम म्हणजे करंट खरंच वाढतो आणि आउटपुट जातं. म्हणून नियम एकच ठेवा, ८ ते १० ओहम.

४ ओहमचे दोन स्पीकर सिरीजमध्ये लावले की ८ होतात. ते दोन्ही एकाच फेजला असू द्या, म्हणजे पडदे एकाच वेळी एकाच दिशेने हलायला हवेत, नाहीतर बास गायब. मूळ स्पीकर ओळखायचा तर मल्टीमीटर लावा: १० ओहमचा डीसीला ८-९ दाखवतो, ८ ओहमचा ६-७, ४ ओहमचा साडेतीनच्या आसपास. आणि कुठलीही स्पीकर वायर बॉडीला अर्थ करू नका, शेजारी सोयीचा बोल्ट दिसला तरी.

मागच्या सीटचा स्पीकर हा डीलरकडचा आवडता ॲक्सेसरी होता. कारखान्याच्या यादीत त्याला यू८० कोड. डीलरकडे वेगळ्या पार्ट नंबरने फेडरसकट (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारा कंट्रोल) मिळायचा. फेडर न लावता दुसरा स्पीकर पहिल्याला समांतर जोडला तर दोन १० चे ५ ओहम होतात. फेडर लावा.

टाकाउस्ताद:

बॉनेटखाली यांना पुरवणी. आउटपुट ट्रान्झिस्टर गेलाच असेल तर: डेल्कोचा डीएस-५०१ जर्मेनियम पीएनपी आहे, दाराच्या मुठीसारखा गोल, मागे बोल्ट. मल्टीमीटरच्या डायोड मोडवर ०.१ ते ०.३ व्होल्ट दाखवतो; शून्य दाखवला तर शॉर्ट. जागी सिलिकॉन घालून चालत नाही, बायस (ट्रान्झिस्टरला सतत चालू ठेवणारं व्होल्टेज) बदलावा लागतो कारण त्याला ०.६ च्या वर हवेत. जर्मेनियमच शोधा. बसवताना मायकाची चकती आणि दोन्ही बाजूंना थर्मल पेस्ट. मायका विसरलात तर कलेक्टर सरळ बॉडीला. मग कारखान्याच्या सर्किटवर छापलेल्या व्होल्टेजप्रमाणे बायस लावा, तोही रेडिओ वीस मिनिटं तापल्यावर. थंड सेटवर लावलेला बायस तापल्यावर वर चढतो.

वायरमन:

खरखरीवर लिहितो, तेवढंच राहिलंय. आधी आवाज ओळखायचा, मग पार्ट.

टिक-टिक इंजिनच्या वेगाबरोबर वाढते आणि किल्ली बंद करताच थांबते: इग्निशन. शिट्टीसारखा सूर वेगाबरोबर चढतो आणि किल्ली बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत क्षणभर राहतो: डायनामो. अनियमित कट-कट, खड्ड्यात जास्त: कुठेतरी अर्थ ढिला, बहुधा बॉनेट आणि फायरवॉलमधला. कोरड्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलला घरंगळतानाही करकर आणि ब्रेक हलका टेकवताच बंद: पुढच्या चाकांची स्थिर वीज. ही चाचणी मोकळ्या सपाट जागी कमी वेगात करा. घाटात न्यूट्रल करू नका.

आता उपाय. कॉइलवर ०.५ मायक्रोफॅरडचा धातूच्या डब्यातला कपॅसिटर, किल्लीकडून वायर येते त्या टोकाला. डिस्ट्रिब्यूटरच्या टोकाला कधीच नाही. तिथे लावला तर तो पॉइंटच्या कंडेन्सरला समांतर जातो, ठिणगी मरते, पॉइंट जळतात, आणि माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो. डायनामोवर दुसरा, 'ए' खुणेच्या आर्मेचर टोकाला. 'एफ' म्हणजे फील्ड, तिथे लावला तर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. हे दोन चुकीचे बोल्ट सोडले तर बाकी काही बिघडत नाही.

कपॅसिटरचा डबा ज्या बोल्टखाली लावता तिथला रंग खरवडा. रंगावर लावलेला कपॅसिटर म्हणजे शोभेची वस्तू.

मधल्या (कॉइल ते डिस्ट्रिब्यूटर) हाय टेन्शन वायरीला १०,००० ओहमचा सप्रेसर किंवा सरळ रेझिस्टर प्लग. दोन्ही एकदम घालायची गरज नसते. बॉनेटच्या बिजागरीवरून विणलेल्या तांब्याची पट्टी. चाकांसाठी पुढच्या हबच्या ग्रीस कॅपमध्ये छोटी स्प्रिंग बसते, तिचं टोक स्पिंडलच्या मध्यावर टेकतं. ही स्प्रिंग मूळ किटमध्ये असायची. बेअरिंगला ग्रीस करणारे ती 'काहीतरी तुटलेलं' म्हणून फेकून देतात.

कॉर्व्हेट हा वेगळाच प्रकार. फायबरग्लासची बॉडी, पत्र्याचा आडोसाच नाही, म्हणून रेडिओ असलेल्या गाडीला डिस्ट्रिब्यूटर आणि वायरींवर धातूची झाकणं यायची. रेडिओ नसलेल्या गाडीला ती नसत. तिथे नुसता रेडिओ आणून उपयोग नाही.

गार्डनस्टेट:

न्यू जर्सीहून. खरेदीबद्दल थोडं. पेनसिल्व्हेनियात हर्शीला ऑक्टोबरमध्ये जुन्या पार्टचा बाजार भरतो, तिथे न वापरलेले खोकेबंद सेट अजून निघतात. 'न वापरलेला' म्हणजे 'चालू' असं समजू नका. खोक्यातही इलेक्ट्रोलिटिक सुकतोच आणि किटमधले कागदी कपॅसिटर गळतातच. किटमधले मूळ डबे शोभेला ठेवायचे तर त्यांच्या आत नवीन फिल्म कपॅसिटर भरा, बाहेरून कळत नाही.

खोकं नव्या छपाईचं आणि पार्ट वीस वर्षं जुन्या गाडीचा, असं दिसलं तर लगेच बनावट म्हणू नका. जनरल मोटर्स जुने पार्ट नव्या खोक्यात, कधी बदललेल्या नंबरने पुढची कित्येक वर्षं देत राहायची. उलटं मात्र घडतं: खोकं अस्सल, आत आजची नक्कल. म्हणून खोक्याला नाही, डब्यावरच्या शिक्क्याला पैसे द्या.

डायलवर एक सोपी खूण आहे. ६४० आणि १२४० वर छोटे त्रिकोण असतील तर रेडिओ १९५३ ते १९६३ मधला. शीतयुद्धात हल्ला झाला तर अमेरिकेत याच दोन फ्रिक्वेन्सीवर सूचना येणार होत्या, म्हणून खुणा सक्तीच्या होत्या. त्रिकोणवाला डबा ६७ च्या गाडीचा म्हणून कोणी विकत असेल तर पुढे चला.

स्टिरिओच्या बाबतीत फसगत जास्त. कारखान्याचे कोड असे: यू६३ साधा एएम, यू६९ एएम-एफएम, यू७९ स्टिरिओ. साठच्या दशकातल्या यू७९ ला डॅशखाली मल्टिप्लेक्सचा (स्टिरिओचे डावे-उजवे वेगळे करणारा) वेगळा डबा असायचा. डॅशमधला रेडिओ मिळतो, तो डबा आणि त्याची हार्नेस (वायरींचा जुडगा) मिळत नाही, आणि विकणारा त्याबद्दल गप्प असतो. तीन तुकडे एकत्र दिसले तरच स्टिरिओचे पैसे द्या.

इम्पाला६४:

आठ ट्रॅकचा टेप बसवण्यात अर्थ आहे का?

गार्डनस्टेट:

६४ ला नाही, तुमच्या गाडीच्या काळात तो नव्हताच. आठ ट्रॅक फोर्डने ६६ च्या मॉडेलला आणला, जनरल मोटर्स ६७ ला. यू५७ हा शेव्हर्लेचा कोड. हौस असेल तर एवढं लक्षात ठेवा की बिघडते ती कॅसेट, मशीन नंतर. रबराची पिंच रोलर कॅसेटच्या आतच असते आणि तिचा डिंक होतो, तो मशीनमधल्या कॅप्स्टनला, म्हणजे टेप ओढणाऱ्या दांडीला, माखतो. दाबाच्या स्पंजची भुकटी होते. टेपची दोन टोकं जोडणारी धातूची पट्टी सुटते. तीच ट्रॅक बदलायचा इशारा देते, त्यामुळे सुटली की टेप आत गुंडाळली जाते. न तपासलेली कॅसेट कधीच आत घालू नका.

पुणेमिडियमवेव्ह:

माझा प्रश्न साधा आहे. १२ व्होल्टचा डेल्को, स्पीकर बरोबर, खरखर नाही, पण स्टेशन अगदी क्षीण. पुणे आकाशवाणी ७९२ ला लागायला हवं. डायलवर ७९२ कुठे धरायचं?

वायरमन:

त्या डायलवर शेवटचे शून्य गाळलेले असतात. ६, ८, १०, १२, १४, १६ असं असेल तर ७९२ म्हणजे ८ च्या किंचित अलीकडे. अमेरिकेत स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या पावलाने, आपल्याकडे ९ च्या, पण काट्याच्या रेडिओला त्याचं सोयरसुतक नाही.

क्षीण असेल तर अँटेना. रेडिओतून प्लग काढा. मधल्या टोकापासून काठीच्या टोकापर्यंत ० ओहम यायला हवं, मधल्या टोकापासून प्लगच्या कडेपर्यंत काहीच नाही. काही मेगाओहम दाखवत असेल तर बुडात पाणी गेलंय. पावसाळ्यानंतर हे हटकून होतं. काठीच्या बुडाच्या धातूपासून मडगार्डपर्यंत जवळजवळ शून्य. नसेल तर भोकाच्या आतल्या कडेचा रंग खरवडा आणि दातेरी वॉशर घट्ट करा.

वायर कोणती आहे? टीव्हीची कोएक्स किंवा साधी ५० ओहमची घातली असेल तर मिडियम वेव्ह तिच्यातच मरतं. गाडीच्या अँटेनाची वायर मुद्दाम पोकळ, कमी कपॅसिटन्सची असते. आतली तार अगदी बारीक, नळीत सैल. तशी मिळाली नाही तर ९३ ओहमची आरजी-६२ वापरा, आणि लांबी वाढवू नका.

मग ट्रिमर. अँटेना प्लगजवळ किंवा ट्यूनिंग नॉबच्या मागे छोटा स्क्रू असतो. गाडी मोकळ्यावर, काठी पूर्ण बाहेर, आवाज मोठा, काटा १४ वर, जिथे क्षीण स्टेशन असेल तिथे. नसेलच तर नुसत्या सुसाटीवरही जमतं. प्लॅस्टिकच्या पेचकसाने स्क्रू सावकाश फिरवा, आवाज सर्वांत मोठा होईल तिथे थांबा. कमाल एका बाजूच्या शेवटाला येत असेल तर वायर चुकीची आहे, ट्रिमर नाही.

पुणेमिडियमवेव्ह:

वायर टीव्हीचीच निघाली. काठीची लांबी किती ठेवू? आणि फोन जोडायचा झाला तर?

टाकाउस्ताद:

मिडियम वेव्हला जितकी लांब तितकी बरी. सेटला एफएम असेल तर एफएम ऐकताना ७८ सेंटिमीटरच्या आसपास.

फोनचे डावे-उजवे थेट एकत्र पिळू नका, फोनचं आउटपुट एकमेकांवर भांडतं. दोन्हींना एक-एक किलोओहम, मग जोड, मग १ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर, मग व्हॉल्यूमच्या वरच्या टोकाला, मध्ये स्विच असा की फोन लावला की ट्यूनरची जोडणी सुटेल. शिल्डेड वायर, शिल्ड एकाच टोकाला अर्थ. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये कपॅसिटर ४०० व्होल्टचा. आणि फोन चार्ज करायचा स्वस्त यूएसबी चार्जर सिगारेट सॉकेटमध्ये असेल तर रेडिओ ऐकताना काढून ठेवा, नाहीतर वायरमनचे सगळे कपॅसिटर फुकट.